कोळंबीच्या टाकीत निंबोळी अर्क

कापूस-तुरीवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारून ज्याचे हात तयार झाले आहेत, त्याला कोळंबीच्या टाकीतही बुरशीवर तोच ओतावासा वाटला तर नवल नाही. रसायनांवरची बंधने वाढू लागल्यापासून मत्स्यशास्त्रज्ञही लसूण, हळद, पेरूचा पाला, नागवेल यांच्या अर्कांकडे वळले आहेत. दिशा योग्य आहे. घाई मात्र नडेल.

बुरशीचा तडाखा सर्वांत जास्त बसतो तो पिल्ले तयार करणाऱ्या हॅचरीत. लॅजेनिडियम एकदा शिरले की झोइया आणि मायसिस या अवस्थांतील कोळंबीची पिल्ले दोन-तीन दिवसांत टाकीच्या टाकी मरतात. चिंबोरीची मादी पोटाखाली लाखो अंडी बाळगते. हॅलिफ्थोरॉस त्या घोसातच घर करते. गंमत अशी की, या दोघांना सवयीने बुरशी म्हटले जात असले तरी शास्त्राच्या लेखी त्या बुरशी नव्हेत. ऊमायसीट नावाच्या या गटाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि खऱ्या बुरशीत आढळणारे एर्गोस्टेरॉल जवळपास नसते. म्हणून एर्गोस्टेरॉललाच लक्ष्य करणारी नायट्यावरची नेहमीची औषधे इथे फारशी लागू पडत नाहीत. एखादा अर्क माणसाच्या त्वचेवरील बुरशी मारतो, एवढ्यावरून कोळंबीबाबत काहीच सिद्ध होत नाही.

मग आजवर भागले कशावर? मॅलाकाइट ग्रीन या स्वस्त रंगावर आणि ट्रायफ्लुरॅलिन या तणनाशकावर. पहिल्याचे अंश मांसात दीर्घकाळ राहतात, त्याच्या कर्करोगकारकतेचा संशय आहे आणि खाद्य प्राण्यांत त्याचा वापर निषिद्ध आहे. दुसऱ्याचे अंश सापडले की आयातदार देश माल अडवतात. पर्यायाची निकड खरी आहे ती यामुळे.

पण कडुनिंबाचेच पाहा. त्यातले ॲझाडिरॅक्टिन कीटकांची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते आणि निंबोळी अर्काची बरीचशी किमया त्यात आहे. कोळंबीही संधिपादच, तिची कातही एक्डायसोन गटातल्या संप्रेरकांवरच चालते. अंड्यातून बाहेर पडल्यावर दहा-बारा दिवसांत जवळपास तितक्याच वेळा कात टाकणाऱ्या पिल्लाला हा अर्क किती सोसेल, हा प्रश्न बुरशी मरते का याच्याही आधी विचारायला हवा. दुसरी अडचण खाद्याची. झोइया डायटम या सूक्ष्म शैवालावर जगतो आणि डायटम हे ऊमायसीटचे दूरचे भाऊबंद. रोगाला लागू पडणारा अर्क पिल्लांचे ताटही रिकामे करू शकतो.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समज तळी तयार करणाऱ्यांमध्ये तरी नसावा. कोळंबी सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून नको असलेले मासे मारले जातात. तिच्यातले सॅपोनिन हे विषच. चहाच्या बियांच्या पेंडीतही सॅपोनिन असते, पण मात्रा सांभाळली तर मासे मरतात आणि कोळंबी वाचते. या पेंडी रुळल्या त्या त्यांची मात्रा ठरली म्हणून.

अर्कांच्या बाबतीत नेमके तेच राहून जाते. काचेच्या बशीत बुरशीची वाढ थांबली की बातमी होते. टाकीत मात्र खारे पाणी असते, सेंद्रिय गाळ असतो. कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, ॲलिसिन लवकर विघटित होते, आणि पाला कोणत्या हंगामातला यावर त्याची ताकद बदलते. शिवाय रोग पसरवतात ते पाण्यात पोहणारे बीजाणू. पिल्लाच्या अंगात शिरलेले तंतू मारण्यापेक्षा या बीजाणूंना रोखणे सोपे असते. तेव्हा चाचणीत दोन आकडे यावेत: बीजाणू रोखणारी मात्रा आणि पिल्लांना सोसणारी मात्रा. या दोहोंत पुरेसे अंतर नसेल तर तो अर्क औषध म्हणून निकामी.

सध्या तळ्यांत गाजणाऱ्या ईएचपी या रोगजंतूविरुद्ध तर हा मार्ग अधिकच अवघड. हा सूक्ष्मजीव बुरशीच्याच कुळातला, पण कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडाच्या पेशींत दडून राहतो. पाण्यात ओतलेला अर्क तिथवर पोहोचेल, ही आशा भाबडी आहे.

वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांनी हे दोन आकडे खऱ्या हॅचरीतल्या टाकीत, पिल्लांसह आणि डायटमसह काढावेत. विक्रीला येणाऱ्या प्रत्येक 'हर्बल' बाटलीवर मूळ घटकाचे प्रमाण छापणे सक्तीचे व्हावे. तोवर गाळलेले, अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेले पाणी वापरणे आणि मादीला टाकीत घेण्याआधी वेगळे ठेवणे, एवढे नेमाने केले तरी हॅचरीतले बरेच नुकसान टळेल.