तळीराम आठवतो, भगीरथ का नाही?

एकतीस डिसेंबर जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तळीराम अवतरतोच. आमच्या शाहपुरात घरी मराठी आणि बाजारात हिंदी असा कारभार. नववीच्या पोरांना मराठीचा ऱ्हस्व-दीर्घ समजावताना माझा घाम निघतो, पण 'तळीराम' मात्र त्यांना न शिकवता येतो. हा गडकऱ्यांचा केवढा विजय, असे कुणी म्हणेल. मला तो पराभव वाटतो; गडकऱ्यांचा नव्हे, आपला.

'एकच प्याला' १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटककार जानेवारीतच गेले होते. त्या नाटकातून आपण उचलले काय? हसायला तळीराम आणि रडायला सिंधू. प्रेमभंगाने पिऊ लागलेला आणि रामलालच्या आधाराने पुन्हा माणसांत आलेला भगीरथ त्याच नाटकात आहे, हे किती जणांना आठवते? गावोगावच्या स्नेहसंमेलनांत त्याचा प्रवेश कुणी बसवत नाही. "सर, त्यात हशा नाही," हे उत्तर मी कितीदा ऐकले आहे.

आणि सुधाकर? तो दारू सोडतो, कामासाठी दारोदार हिंडतो, पदरी अपमान घेतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. तिथे दारू जिंकली म्हणतात. माझ्या मते तिला जिंकवले ते दारे लावून घेणाऱ्यांनी. ऑटो प्रेमिंजरच्या १९५५ मधल्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटात हेच दुखणे आहे. फ्रँक सिनात्राचा नायक उपचार घेऊन, ड्रम वाजवायला शिकून परततो, तर जुनी गल्ली, पत्त्यांचा अड्डा आणि मादक द्रव्य विकणारा त्याची वाटच पाहत असतात. अमेरिकी चित्रपटसृष्टीच्या आचारसंहितेला तेव्हा हा विषयच वर्ज्य होता. चित्रपटाला संमती नाकारली, तो तरीही लागला, आणि पुढच्याच वर्षी संहिता सैल करावी लागली. आपल्याला मात्र शंभर वर्षांत एक शब्द टाकता आला नाही!

१९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हे त्यांनी मराठी घरांना सांगितले. आम्ही माना डोलावल्या, 'वा' म्हटले आणि टपरीवर येऊन पुन्हा टिंगल सुरू केली.

आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याचे वडील उपचार घेऊन आले. केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात चौकात कुणी ओरडले, "या तळीराम!" मुलगा शेजारी होता. तो चार दिवस शाळेत आला नाही. ओरडणाऱ्याला मी गाठले, तेव्हा म्हणाला, "गुरुजी, गंमत हो." शिकलेला माणूस, दिवाळी अंक वाचणारा. क्षयातून उठलेल्याची अशी गंमत हा करील काय?

यंदाच्या संमेलनात मी भगीरथाचा प्रवेश घ्यायचे ठरवले आहे. शिक्षकखोलीत कुरबूर आहे, असो. तळीरामासाठी सहा पोरे तयार आहेत. भगीरथाला अजून कुणी मिळालेले नाही.