गोळीच्या डब्याचाही सातबारा असतो, तो वाचायला शिका



शेत विकत घ्यायचं असेल तर आपण काय करतो? विकणारा सांगतो, काळीभोर जमीन आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे. आपण मान डोलावतो, पण पैसे काढण्याआधी सातबारा मागतो. क्षेत्र किती, नाव कोणाचं, बोजा आहे का, हे सगळं बघतो. नुसत्या तोंडच्या बोलण्यावर आपल्या शिरपूर तालुक्यात कोणी शेत घेत नाही. मग पोटात जाणारी गोळी मात्र डब्यावरचं रसाळ संत्र्याचं चित्र पाहून कशी काय घेतली जाते?

आज आपण क जीवनसत्त्वाच्या, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणि त्यांचं लेबल याबद्दल बोलू. कोरोनाच्या काळात या गोळ्या घरोघरी पोचल्या आणि तेव्हापासून बऱ्याच घरांत त्या मुक्कामालाच आहेत. मेडिकलमध्ये चघळायची गोळी मिळते, ऑनलाइन फेसाळणारी गोळी मिळते, मुलांसाठी रंगीत गमी मिळतात आणि ओळखीतलं कोणीतरी साखळी पद्धतीने विकत असलेला महागडा डबाही मिळतो. सगळ्यांचा एकच दावा, ‘प्रतिकारशक्ती वाढते’. अहिराणीत म्हणायचं तर ‘ताकदनी गोयी’!

माझं म्हणणं सरळ आहे. डब्याची पुढची बाजू म्हणजे जाहिरात आणि मागची बाजू म्हणजे सातबारा. ही मागची बाजू वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात हवा आणि तो माणूस म्हणजे शाळेत जाणारं मूल असू शकतं.

क जीवनसत्त्व म्हणजे नेमकं काय?

त्याचं रासायनिक नाव आहे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. हे नावच मुळी ‘स्कर्व्ही न होऊ देणारं’ अशा अर्थाने पडलं. स्कर्व्ही म्हणजे हिरड्या सुजून रक्त येणं, जखमा न भरणं, अंगावर रक्ताचे ठिपके उठणं. महिनोन्‌महिने ताजी फळं-भाजी न मिळणारे खलाशी या रोगाने मरत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळालं ते सगळ्यांत लवकर बरे झाले. पुढे हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे द्रव्य मोठ्या प्रमाणात मिळवलं. कशातून, माहीत आहे? संत्र्यातून नाही, तर त्यांच्या सेगेद शहराभोवती पिकणाऱ्या ताज्या लाल मिरचीतून! १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

बकरी, गाय, कुत्रा हे प्राणी स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतात. माणसाला ते जमत नाही, म्हणून आपल्याला ते खाण्यातूनच घ्यावं लागतं. शिवाय ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे शरीर त्याचा मोठा साठा करत नाही. जादा झालेलं लघवीवाटे निघून जातं.

रोज किती लागतं?

लेबल वाचण्याआधी हा आकडा पाठ पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. गरोदर स्त्रीला ८० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५ मिलिग्रॅम लागतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची गरज काहीशी जास्त असते.

आता मेडिकलमधली ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्या. ५०० भागिले ८० म्हणजे सव्वासहा. एका गोळीत जवळजवळ सव्वासहा दिवसांची गरज! पण शरीर सव्वासहा दिवसांचं सामान एकदम आत घेत नाही. मात्रा कमी असते तेव्हा आतडं त्यातलं बहुतेक शोषून घेतं. मात्रा एक ग्रॅमच्या वर गेली की निम्म्यापेक्षाही कमी शोषलं जातं. उरलेल्यासाठी पैसे आपण दिलेले असतात, एवढंच.

लेबलवर काय काय पाहायचं?

१) हे औषध आहे की अन्न? औषधाच्या स्ट्रिपवर उत्पादन परवाना क्रमांक असतो. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक असतो. अशा डब्यावर आणखी एक वाक्य कायद्यानेच छापावं लागतं. त्याचा अर्थ असा की, हे औषधी वापरासाठी नाही. म्हणजे विकणारा अंगणात बसून सांगतो की याने गुडघे बरे होतात, शुगर उतरते आणि त्याच्या हातातला डबा स्वतःच सांगतो की मी औषध नाही. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा? मी तर डब्यावर ठेवीन.

२) आकडा कितीचा आहे? ‘प्रति सर्व्हिंग’ हा शब्द शोधा. कधी एक सर्व्हिंग म्हणजे एक गोळी असते, कधी दोन गमी, कधी एक मोठा चमचा पावडर. पुढे मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा दोन गोळ्यांचा असेल तर डबा निम्म्या दिवसांत संपणार.

३) आकडा कशाचा आहे? इथे खरी गंमत आहे. खूप चालणाऱ्या एका ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळीवर घटक असे लिहिलेले असतात : अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल १०० मिलिग्रॅम आणि सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट ४५० मिलिग्रॅम. बेरीज होते ५५०, मग गोळी ५०० ची कशी? कारण सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट हा क्षार आहे आणि त्याच्या वजनात सोडियमचंही वजन धरलेलं आहे. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं रेणुवस्तुमान १७६ आणि या क्षाराचं १९८. आता ४५० गुणिले १७६ भागिले १९८ करा. उत्तर बरोबर ४०० येतं. १०० अधिक ४००, झाले ५००. नववी-दहावीच्या मुलांनो, रेणुवस्तुमान कशाला शिकायचं असं विचारता ना? यासाठी.

४) अर्क म्हणजे जीवनसत्त्व नव्हे. ‘आवळा अर्क ५०० मिलिग्रॅम’ याचा अर्थ ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असा होत नाही. अर्कात जीवनसत्त्व किती ते वेगळं लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर तो आकडा आपल्या कामाचा नाही. तसंच ‘नैसर्गिक’ या शब्दाला जादा पैसे मोजू नका. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा रेणू आवळ्यातला असो की कारखान्यातला, तो एकच असतो. आवळ्यात त्याच्या जोडीला तंतू आणि इतर पोषक घटक असतात, हा फरक खरा आहे. पण तो आवळा खाल्ल्यावर मिळतो, डब्यावर आवळ्याचं चित्र छापल्याने नाही.

५) बाकी काय काय आहे? गमीमध्ये साखर असते. फेसाळणाऱ्या गोळीत फेस येण्यासाठी बहुधा सोडियम बायकार्बोनेट असतं, म्हणजे घरातल्या बीपीच्या माणसाला नकळत जादा सोडियम. आणि फळांच्या रसाच्या खोक्यावर ‘आयएनएस ३००’ असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते अ‍ॅस्कॉर्बिक आम्लच आहे. रस खराब होऊ नये म्हणून घातलेलं असतं.

६) साठवण. ‘थंड, कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर ठेवा’ ही ओळ आपल्याकडे कोणी वाचत नाही. क जीवनसत्त्व उष्णता, ओल आणि उजेड यांनी खराब होतं. मे महिन्यात पत्र्याच्या घरातल्या खिडकीत ठेवलेली डबी आठवा. पांढरी गोळी पिवळट-तपकिरी पडली असेल तर ती टाकून द्या.

मग सर्दीचं काय?

दोन नोबेल पारितोषिकं मिळालेले लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व घेतल्याने सर्दी टळते. जगभर लोकांनी ते मानलं. पण नंतर अनेक चाचण्या झाल्या. त्या सगळ्यांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून असं दिसलं की, रोज गोळी घेऊनही सामान्य माणसाची सर्दी होण्याची शक्यता कमी होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के लवकर बरी होते. म्हणजे सात दिवसांची सर्दी मोठ्या माणसात साधारण अर्धा दिवस आधी जाते. मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांना मात्र जास्त फायदा दिसला. सर्दी झाल्यावर गोळी सुरू करून ठाम फायदा दिसला नाही. मोठं नाव म्हणजे पुरावा नव्हे, हा विज्ञानाचा धडाही यातून घेण्यासारखा आहे.

आपल्या बाजारातला हिशोब

हिवाळ्यात हातगाडीवर मिळणाऱ्या पेरूच्या १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं. म्हणजे अर्धा पेरू खाल्ला तरी दिवसाची गरज भागते. आवळा पेरूच्याही पुढे आहे. आपल्या शिरपूर-शहादा भागात पिकणारी पपई १०० ग्रॅमला ४० मिलिग्रॅमच्या वर देते, म्हणजे एक वाडगाभर फोडी पुरेशा. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, टोमॅटो, लिंबू ही सगळी कामाची मंडळी. खानदेशचं केळं मात्र यात मागे आहे, त्याचा गुण वेगळा. आणि आंबट म्हणजे क जीवनसत्त्व हा समज सोडा. चिंच इतकी आंबट, पण तिच्यात ते नावालाच असतं.

खातानाही थोडं भान हवं. भाजी आधी धुवा, मग चिरा. फार वेळ रटारटा शिजवू नका. लिंबू भाजी चुलीवरून उतरवल्यावर पिळा. ठेचा जरूर खा, हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर आहे, पण एका वेळी आपण खातो किती? थोडीशीच. त्यामुळे ठेच्यावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक मोठा फायदा. धान्य, डाळी आणि पालेभाजीतलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी खाताना सोबत लिंबाची फोड घेतली तर त्याच जेवणातलं जास्त लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होतं. आपल्या भागातल्या कितीतरी मुली आणि आया रक्त कमी असल्याने थकलेल्या दिसतात. त्यांच्यासाठी महागड्या डब्यापेक्षा ही लिंबाची फोड मोलाची आहे.

गोळी नकोच का?

असं मी म्हणत नाही. दात नसलेल्या, चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या आजीला किंवा आजारपणामुळे फळं खाता न येणाऱ्या माणसाला डॉक्टर गोळी देतात, ती घ्यावी. पण ‘जादा झालं तर लघवीतून जातं, नुकसान काय?’ हे बोलणं अर्धवट आहे. प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. जास्त मात्रेने जुलाब, पोटदुखी होते आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांचा धोका वाढू शकतो. मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर साखरेचा चुकीचा आकडा दाखवतात, हे शुगरच्या रुग्णांनी लक्षात ठेवावं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह साठतं. अशांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये.

माझं मत

खाद्यपदार्थाच्या लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की नियमाचं समाधान होतं. मराठी ऐच्छिक आहे. त्यातही बहुतेक डबे इंग्रजीतच असतात आणि अक्षर मुंगीएवढं. मजुरीच्या पैशातून लेकरासाठी ‘ताकदीचा’ डबा घेणाऱ्या आईने तो वाचायचा कसा? महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पूरक आहारावर किमान चार ओळी मराठीत असायलाच हव्यात : मात्रा किती, रोजच्या गरजेच्या किती पट, कोणी घेऊ नये आणि हे औषध नाही. बियाण्याच्या पिशवीवरची माहिती शेतकऱ्याला कळली पाहिजे असं आपण म्हणतो, मग पोटाच्या बाबतीत का नाही?

तोपर्यंत हे काम शाळेने करावं. ‘क च्या अभावाने कोणता रोग होतो? – स्कर्व्ही’ एवढं एका गुणासाठी पाठ करून घेणं पुरेसं नाही. विज्ञानाच्या तासाला रिकामे डबे आणा, भागाकार करा. आपल्या शिरपूरला तर आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन एक तास लेबल वाचून दाखवलं तर तो तास मुलं विसरणार नाहीत.

या आठवड्याचा उपक्रम

घरातली किंवा शेजारची कोणतीही एक डबी घ्या. वहीत पाच ओळी लिहा : औषध की अन्न, प्रति सर्व्हिंग क जीवनसत्त्व किती, ते ६५ किंवा ८० च्या किती पट, इतर घटक कोणते आणि मुदत कधीपर्यंत. सहाव्या ओळीत त्या डब्याच्या किमतीत बाजारात किती किलो पेरू येतात ते लिहा. मग वही आईला वाचून दाखवा. डबा पुन्हा घ्यायचा की नाही, ते तिला ठरवू द्या.