सांभाळायचं कुणी?

कागल-हातकणंगले एमआयडीसीला 'पंचतारांकित' म्हणतात, ते तिथल्या रस्ते, पाणी, विजेच्या सोयींमुळे. पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या या वसाहतीत कापड, फौंड्री, इंजिनिअरिंगचे कारखाने आले आणि आसपासच्या गावांतल्या घराघरांत पगार आला. नवरा-बायको दोघंही शिफ्टला जातात, पोरं शाळेत. घरी उरतात गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई आणि अंथरुणाला टेकलेले सासरे. भाकरी झाकून ठेवायची, गोळ्या उशाशी आणि शेजारणीला सांगायचं, "जरा लक्ष ठेव गं!" सगळा कारभार एवढ्या एका वाक्यावर चालतो.

म्हातारपणाची काळजी हे घरातल्या बाईचं काम, असं आपण गृहीत धरलंय. ती कमावती झाली, तरी हे काम तिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कामगार बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर मान्य केलं. आता ते कुणाला वावगं वाटत नाही. मग म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र का नको? सकाळी सोडावं, संध्याकाळी घरी न्यावं. मऊ भात, वेळेवर गोळ्या, रक्तदाब तपासणारी एखादी नर्स आणि गप्पांना चार समवयस्क. ग्रामपंचायत, बचत गट आणि कारखान्यांनी मिळून मनावर घेतलं, तर हे अवघड नाही. गावातल्याच चार जणींना त्यातून कामही मिळेल. मात्र त्यांना नीट शिकवायला हवं आणि पगारही रास्त हवा. आजारी माणसाला न पाडता उठवणं ही शिकून घ्यायची गोष्ट आहे.

काहींना कायमचा आसरा लागतो. राज्यात १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. पुण्यात 'अथश्री'सारखी ज्येष्ठांसाठीच बांधलेली संकुलं उभी राहिली, पण ती ऐपतवाल्यांची. आपल्याकडं मात्र 'वृद्धाश्रम' म्हटलं, की "लोक काय म्हणतील?" हाच पहिला प्रश्न. खरं तर विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. रात्री हाकेला कोण असतं? गोळ्या कोण देतं? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? डॉक्टर किती वेळा येतात? माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेतात, की घरी पाठवतात? अनामत परत मिळते का? आणि सगळ्यात आधी, ज्यांना तिथं राहायचंय त्यांना कुणी विचारलं का?

मैत्रिणींनो, कायदाही माहीत असू द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आई-वडील मुलगाच नव्हे, तर मुलीकडूनही निर्वाहखर्च मागू शकतात. त्यासाठी प्रांताधिकारी पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर नावावर करून दिलं आणि पुढं सांभाळलंच नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट कागदावर लिहून घ्यावी. माहिती आणि मदतीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा आधार मिळाला, हे चांगलंच झालं. पण तो आधार दवाखान्यात दाखल झाल्यावरचा. रोज हाताला धरून न्हाणीपर्यंत नेणाऱ्या माणसाचा खर्च त्यातून निघत नाही. ते काम आज कुणाची तरी सून, कुणाची तरी लेक नोकरी सांभाळून करते किंवा नोकरी सोडून.

तेव्हा येत्या महिला ग्रामसभेत रस्ते-गटारांच्या जोडीनं हाही विषय मांडा. आज सासूबाईंसाठी मागाल, ते उद्या आपल्याच कामी येणार आहे.