आडनांव एक, घराणीं अनेक

लोअर परळहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचें सासरचें आडनांव जोशी. आजेसासरे कोंकणांतून येऊन तेथील एका गिरणींत हिशेबनीस झाले व जवळच्याच चाळींत बिऱ्हाड करून राहिले. ती चाळ आतां पाडावयाची असल्यामुळें खोली रिकामी करितांना माळ्यावरच्या ट्रंकेंत जुन्या कागदांचें एक बोचकें सांपडलें. त्या विचारतात, "आमच्या रस्त्यास ना. म. जोशी ह्यांचें नांव आहे. आम्हीहि जोशी. तेव्हां आमचें घराणें त्यांचेंच असेल काय? मुलांकरितां वंशावळ लिहावी असें मनांत आहे. प्रारंभ कोठून करावा?"

नारायण मल्हार जोशी ह्यांचा जन्म 1879 सालीं कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवीं झाला. 1911 सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग काढली. 1920 सालीं निघालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांतहि ते होते. ज्या गिरणगांवासाठीं ते झिजले, तेथील डिलाइल रोडास पुढें त्यांचें नांव मिळालें. अशा पुरुषाशीं आपलें नातें निघावें असें वाटणें स्वाभाविक आहे. पण नुसत्या आडनांवानें तें सिद्ध होत नाहीं.

जोशी हें मूळचें घराण्याचें नांव नव्हे, वृत्तीचें आहे. गांवचें जोशीपण ज्याच्याकडे, तो जोशी. म्हणून देशस्थ, कऱ्हाडे, कोंकणस्थ ह्या सर्वांत जोशी आढळतात, आणि कोंकणस्थांतहि ते एकाहून अधिक गोत्रांत आहेत. कुळकर्णी व देशपांडे ह्यांची गोष्ट अशीच. उलट एकाच वंशाचें आडनांव मध्येंच पालटतें. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांस 1713 सालीं पेशवेपद मिळालें आणि त्यांचे वंशज पेशवे म्हणूनच ओळखले जाऊं लागले.

हा घोटाळा आपल्याकडेच आहे असें नाहीं. 1620 सालीं मेफ्लॉवर जहाजानें 102 उतारू अमेरिकेस गेले. पहिल्याच हिंवाळ्यांत त्यांपैकीं निम्मे दगावले. त्या व त्यांच्या मागून गेलेल्या वसाहतवाल्यांच्या वंशावळी जुळविण्याचा तिकडे मोठा नाद आहे. बोस्टन शहरीं त्यासाठीं 1845 सालींच एक संस्था निघाली. पण स्मिथ म्हणजे लोहार. गांवोगांवच्या लोहारांचीं मुलें स्मिथ झालीं, तीं एका घरचीं कशीं असणार? हल्लीं तेथें वाय गुणसूत्राची परीक्षा करितात. तें आडनांवासारखेंच बापाकडून मुलाकडे येतें. ह्या परीक्षेनें एकाच आडनांवाच्या मंडळींत परस्परांशीं संबंध नसलेलीं कित्येक कुळें निघालीं आहेत.

मुंबईहि अशीच वसाहतवाल्यांची नगरी आहे. 1921 च्या खानेसुमारींत येथील शंभर माणसांत सुमारें चौऱ्यांशींचा जन्म मुंबईबाहेरचा होता. आगबोटीनें वा पायवाटेनें आलेल्या ह्या माणसांचीं मूळ घरें कोठें होतीं, हें सांगणारे वृद्ध आतां थोडे उरले आहेत. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रारंभ थोर पुरुषापासून न करितां स्वतःपासून करावा व एकेक पिढी मागें जावें. प्रत्येकाचें नांव, जन्म, गांव आणि ही माहिती कोठून मिळाली तें लिहावें. जें ऐकीव असेल त्यापुढें 'ऐकीव' असें स्पष्ट लिहावें.

दुसऱ्या जोशी घराण्याशीं नातें पाहावयाचें झाल्यास गोत्र, कुलदैवत आणि मूळ गांव हीं तिन्ही ताडून पाहावीं. गोत्र जुळलें म्हणजे नातें ठरलें असेंहि नाहीं; आणि दत्तक झालें असल्यास गोत्र बदललेलें असतें. मग नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. यात्रेस आलेल्या पूर्वजांचीं नांवें त्यांत असतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचीं सूक्ष्मचित्रें अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळी-संस्थेनें घेतलीं आहेत. आपण मात्र नाशकास जाऊन आपलें पान उघडून पाहात नाहीं.

पत्राच्या शेवटीं त्या भगिनी सहज लिहितात कीं, बोचक्यांतील एका पत्राखालीं आजेसासूबाईंची माहेरच्या नांवाची सही आहे, आणि तें नांव घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. आमच्या मतें त्या बोचक्यांतील सर्वांत मोलाचा कागद तोच.

ह्याबाबत आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितलीच पाहिजे. तरुणपणीं आम्हीं आपल्या घराण्याची वंशावळ लिहिली. पांच पिढ्यांचीं नांवें आम्हांस आमच्या आत्याबाईंनीं तोंडपाठ सांगितलीं. त्या बालविधवा, जन्म आमच्याच घरीं गेला. तेव्हांच्या रिवाजाप्रमाणें आम्हीं पुरुषांचींच नांवें मांडलीं, प्रती काढून नातलगांस वांटल्या आणि एक प्रत त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं ती बोट फिरवीत शेवटपर्यंत वाचली, "अक्षर सुरेख आलें आहे हो," एवढेंच म्हणाल्या आणि घडी करून देवाजवळ ठेवली. स्वतःचें नांव त्यांनीं शोधलें असेल, हें आमच्या ध्यानांत त्या गेल्यावर आलें. पुढें आम्हीं आपल्या प्रतींत त्यांचें नांव घातलें. पण तें वाचावयास त्या नव्हत्या.

तेव्हां लोअर परळच्या आमच्या भगिनीनें ना. म. जोशींशीं नात्याचा प्रश्न पुरावा मिळेपर्यंत बाजूस ठेवावा. त्यांच्याविषयींचा आदर नात्यावांचूनहि ठेवितां येतो. खोली सोडण्यापूर्वीं शेजारच्या वृद्धांना विचारून घ्यावें, दारावरच्या नांवाच्या पाटीचें छायाचित्र काढावें, आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर आजेसासऱ्यांच्या शेजारीं आजेसासूबाईंचीं माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें लिहावीं. लेकीहि त्यांत याव्या, हें सांगावयास नकोच.