एका नंबरावर दोन ‘हजर’



परीक्षेचे दिवस जवळ आले की विहारातल्या अभ्यासिकेत वह्या-पुस्तकांच्या जोडीला वायरींचे पुंजके आणि छोटी छोटी निळी-हिरवी बोर्डे दिसू लागतात. आयटीआयला, डिप्लोमाला जाणारी मुले-मुली आज आपल्या घरोघरी आहेत. शेवटच्या वर्षी त्यांना प्रोजेक्ट करावा लागतो. कोणी वाहन उलटले की सूचना देणारे यंत्र करतो, कोणी पाण्याची टाकी भरली की घंटा वाजवणारे. सामान लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पोस्टाने मागवतात. त्याचे पैसे आईबापांच्या घरखर्चातून निघतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

या मुलांच्या वाट्याला एक बिघाड हमखास येतो. प्रत्येक बोर्ड सुटे जोडले की छान चालते, सगळी एकत्र जोडली की घोटाळा होतो. घड्याळ भलतीच वेळ दाखवते, यंत्र स्थिर असताना कलल्याचे सांगते. मुलगा रात्रभर जागतो, चांगले बोर्ड खराब समजून दुसरे विकत आणतो, तेही तसेच वागते. मग तो म्हणतो, “हे आपल्याला जमणारे नाही.” बोर्ड वाया गेल्याचे दुःख आम्हाला थोडे, या वाक्याचे फार. “तुम्हाला हे जमायचे नाही” असे आपल्या माणसांना ऐकवणारे बाहेर पुष्कळ आहेत. तेच वाक्य आपल्या मुलाने स्वतःला ऐकवावे, तेही दोन चिपांचा नंबर एकच निघाला म्हणून, हे आम्हाला मान्य नाही. तेव्हा आज या सदरात त्या बिघाडाचीच ओळख करून घेऊ. आईबापांनीही वाचावे. हजेरीपटाची माहिती असलेल्या कोणालाही हे समजेल.

ही लहान बोर्डे कंट्रोलरशी बोलतात ती बहुधा ‘आय-टू-सी’ नावाच्या पद्धतीने. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने ती १९८२ साली काढली. तिच्यात दोनच वायरी असतात. एकीवरून ठोके जातात, दुसरीवरून माहिती. सर्व बोर्डे याच दोन वायरींवर ओळीने लटकतात. मग बोलणे कोणासाठी आहे हे कसे कळणार? त्यासाठी प्रत्येक चिपला एक नंबर असतो. कंट्रोलर वर्गातल्या गुरुजींसारखा नंबर पुकारतो आणि ज्याचा तो नंबर असेल तो ‘हजर’ म्हणतो. एकूण नंबर १२८, त्यांतले १६ राखीव, म्हणजे वापरायला उरले ११२. चिपा मात्र हजारो प्रकारच्या. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपांना एकच नंबर मिळणे टळत नाही.

आता ‘हजर’ म्हणायचे कसे ते पाहा. ही वायर एका रेझिस्टरने वर ओढून ठेवलेली असते. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. कोणत्याही चिपला वायर फक्त खाली ओढता येते किंवा सोडून देता येते. नंबर पुकारला की त्या नंबरची चिप क्षणभर वायर खाली ओढते, हाच तिचा ‘हजर’. एकाच नंबराच्या दोन चिपा असल्या तर दोघीही एकदम खाली ओढतात. वायर एकीने ओढली काय किंवा दोघींनी ओढली काय, खालीच जाते. दोन मुले एका सुरात ‘हजर’ म्हणाली आणि गुरुजींची मान वहीत असली, तर त्यांना एकच ‘हजर’ ऐकू येतो. अगदी तसेच हे.

पुढचा घोटाळा याहून मोठा. गुरुजी आता त्या नंबराला प्रश्न विचारतात आणि दोघेही उत्तर देऊ लागतात. एकाने १ म्हणावे म्हणून वायर सोडली, दुसऱ्याने ० म्हणून ओढली, तर वायर खालीच राहते. शून्य जिंकते. समजा, घड्याळाला ३७ मिनिटे सांगायची आहेत. घड्याळाची चिप दर आकडा चार घरांत लिहिते, म्हणजे ००११ ०१११. त्याच वेळी दुसरी चिप ०१०१ ०१०१ म्हणते. जिथे दोघींचाही १ आहे तिथेच १ उरतो, बाकी सर्व शून्य. उत्तर आले ०००१ ०१०१, म्हणजे १५. पडद्यावर १५ मिनिटे दिसतात. हा आकडा ना घड्याळाचा ना दुसऱ्या चिपचा, पण दिसतो अगदी खऱ्यासारखा! ९९ मिनिटे दिसली असती तर मुलाला लगेच संशय आला असता. १५ दिसली म्हणून तो आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

आता नेहमी घडणारे उदाहरण घेऊ. वाहन उलटल्याची सूचना देणाऱ्या यंत्रात तीन बोर्डे असतात: अक्षरे दाखवणारा डिस्प्ले, वेळ सांगणारे डीएस३२३१ चे घड्याळ आणि कल ओळखणारी एमपीयू६०५०. डिस्प्लेच्या मागच्या चिपचा नंबर बहुधा २७ असतो. घड्याळाचा ६८. आणि एमपीयू६०५० चाही ६८! (हे नंबर सोळाच्या हिशेबाने लिहितात. त्या हिशेबातला ६८ म्हणजे आपला १०४. मुलांच्या पडद्यावर ६८ दिसतो म्हणून आम्हीही तसेच लिहितो.)

मुले हुशार असतात. ती ‘स्कॅनर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवतात. तो सर्व नंबर ओळीने पुकारतो आणि कोण कोण हजर त्याची यादी देतो. यादी येते: २७, ५७, ६८. बोर्डे तीन, नंबर तीन. हिशेब जुळला, असे समजून मुले पुढे जातात. इथेच फसगत होते. हा ५७ कोण? बाजारात सर्रास मिळणाऱ्या घड्याळाच्या बोर्डावर घड्याळाखेरीज माहिती साठवणारी आणखी एक छोटी चिप असते, तिचा नंबर ५७. म्हणजे तीन बोर्डांवर चिपा चार, आणि नंबर मात्र तीन.

आम्ही कॉमर्सची माणसे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक झाला असे नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले गेले. एक चूक दुसरीला झाकते आणि बेरीज गोंडस दिसते. स्कॅनरची यादीही तशीच. कोणत्या नंबरावरून ओ आली एवढेच ती सांगते, किती जणांनी ओ दिली हे सांगत नाही.

मग दोन ‘हजर’ पकडायचे कसे? साधी रीत आहे. एक वही आणि पेन घ्यावे. वीज बंद करून सर्व बोर्डे काढावीत. एकच बोर्ड जोडावे, वीज सुरू करून स्कॅनर चालवावा, आलेले सर्व नंबर वहीत त्या बोर्डाच्या नावापुढे लिहावेत. पुन्हा वीज बंद, ते बोर्ड काढून दुसरे. आपल्या उदाहरणात वही अशी होईल: डिस्प्ले, २७. घड्याळ, ५७ आणि ६८. कल ओळखणारी, ६८. एकच नंबर वहीत दोनदा आला की चोर सापडला. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी नवे सामान विकत घ्यावे लागत नाही.

सगळे जोडून झाले असेल तर उलटी परीक्षा करावी. वीज बंद करून एक बोर्ड काढावे आणि पुन्हा यादी घ्यावी. काढलेल्या बोर्डाचा नंबर यादीतून गेला पाहिजे. गेला नाही, तर त्या नंबरावर दुसरे कोणीतरी बसले आहे. या परीक्षेला तिऱ्हाइताची साक्ष लागत नाही.

तिसरी परीक्षा ओळख विचारण्याची. काही चिपांच्या पोटात स्वतःची ओळख लिहिलेली असते. एमपीयू६०५० च्या ७५ नंबरच्या कप्प्यात ६८ लिहिलेले असते. ते वाचताना भलताच आकडा आला तर दुसरे कोणी मध्ये बोलत असावे, असा संशय घ्यावा. बरोबर आला तरी निर्धास्त होऊ नये, कारण दुसऱ्या चिपने त्या वेळी वायर सोडून दिलेली असू शकते. म्हणून ही परीक्षा जोडीला ठेवावी. निर्णय वहीवरच करावा.

दोष सापडला की उपाय सोपा. घड्याळाचा ६८ कायमचा आहे, तो बदलत नाही. एमपीयू६०५० च्या बोर्डावर ‘एडी०’ लिहिलेला पाय असतो. वीज बंद करून तो ३.३ व्होल्टला जोडला की तिचा नंबर ६९ होतो. प्रोग्रॅममध्येही ६८ च्या जागी ६९ लिहावे, नाहीतर पुकारा जुन्याच नंबराचा राहील. पोटातल्या ओळखीच्या कप्प्यात मात्र ६८ च राहतो, ते पाहून घाबरू नये. डिस्प्लेच्या मागेही तीन जोड असतात, त्यांवरून त्याला आठ निरनिराळे नंबर देता येतात. दोन्ही बोर्डांचे नंबर बदलता येत नसतील तर टीसीए९५४८ए नावाची चिप घ्यावी. ती एका वायरजोडीच्या आठ फांद्या करते. एका वेळी एकच फांदी उघडली की दोन ६८ एकमेकांच्या कानावर येत नाहीत.

काही वाचक विचारतील, यंत्रांनी आपापसातच हे का मिटवू नये? तसे करणारी यंत्रे आहेत. अॅपल कंपनीने १९८६ साली कीबोर्ड आणि माउस जोडण्यासाठी एक पद्धत आणली. तिच्यात माउसचा नंबर ३ असे. दोन माउस लावले तर दोघांचाही ३. कॉम्प्युटर ३ नंबराला ओळख विचारी, तेव्हा दोघेही उत्तर देऊ लागत. पण त्या उत्तरात प्रत्येकाने आपल्या मनाने धरलेला एक आकडा असे. आपण वायर सोडली असता ती दुसऱ्याने ओढली आहे, हे ज्याच्या लक्षात येई तो गप्प बसे. बोलत राहिलेल्याला कॉम्प्युटर नवा नंबर देई आणि मग ३ नंबराला पुन्हा हाक मारी. आता आय-टू-सीच्या पुढची ‘आय-थ्री-सी’ पद्धत निघाली आहे. तिच्यात प्रत्येक चिपची ४८ घरांची ओळख असते आणि कंट्रोलर सुरुवातीलाच एकेकीला नंबर वाटून देतो. आपल्या मुलांच्या हातातल्या स्वस्त बोर्डांत ही सोय नाही. तिथे वही हीच सोय.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना आपल्या समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी विज्ञान आणि तंत्राच्या शिक्षणाची सोय मागितली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असे सुचवले. पुस्तकी शिक्षणाबरोबर हाताला तंत्र आले पाहिजे, हे त्यांना त्या काळी दिसत होते. आज ते तंत्र आपल्या मुलांच्या हातात आले आहे. ते हातात टिकवायचे तर दोष शोधायची रीत आली पाहिजे. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले, की कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. दुकानदार बोर्ड खराब म्हणतो, मित्र प्रोग्रॅम चुकला म्हणतो, स्कॅनर सर्व ठीक म्हणतो. यांपैकी कोणाचेही पारखल्याशिवाय घेऊ नये.

आमची अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. अभ्यासिकेत एक ‘नंबरवही’ ठेवा. ज्याने जे बोर्ड वापरले त्याने त्याचे नाव, त्यावरील सर्व नंबर, नंबर बदलता येतो की नाही आणि येत असल्यास कोणत्या पायाने, एवढे एका ओळीत लिहावे. यंदाच्या मुलीने लिहिलेली ओळ पुढच्या वर्षीच्या मुलाची रात्र वाचवील. आणि माता-पित्यांना सांगणे एवढेच, की मूल यंत्रापुढे हताश बसलेले दिसले तर “पुन्हा पैसे का घालवलेस?” असे विचारू नका. “एकेक बोर्ड वेगळे जोडून पाहिलेस का? वहीत लिहिलेस का?” असे विचारा. हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही.

पुढील अंकी सोल्डरिंग करताना डोळ्यांची आणि फुप्फुसांची काळजी कशी घ्यावी, यावर लिहू.

जयभीम!