विजेतेपद आणि ताळेबंद

मिकुरू सुझुकी ही जपानी डार्ट्सपटू. इंग्लंडच्या मद्यगृहांत वाढलेला हा खेळ. पण तिचा हात बसला तो जपानमधील विजेच्या फलकावर. तेथे गुणांची बेरीज-वजाबाकी यंत्रच करते. इंग्लंडमधला फलक तंतूंचा. तेथे ५०१ मधून उरलेल्या गुणांचा हिशेब बाण फेकताना खेळाडूने मनात करायचा आणि शेवटचा बाण ‘डबल’वरच मारायचा.

या फलकावर तिने जानेवारी २०१९ मध्ये बी.डी.ओ. या संघटनेचे महिला विश्वविजेतेपद जिंकले. आशियातील ती पहिलीच. २०२० मध्ये अंतिम सामन्यात लिसा ॲश्टनला ३-० असे हरवून तिने ते राखले.

येथे आपण टाळ्या वाजवून उठतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी मात्र पुढचे पान उलटतो. त्या वर्षी स्पर्धेची तिकिटे खपली नाहीत, बक्षिसांच्या रकमा कापल्या गेल्या आणि १९७३ साली स्थापन झालेल्या त्या संघटनेचे त्याच वर्षी दिवाळे निघाले. खेळाडूचा नेम चुकला नव्हता. चुकला होता तो संघटनेचा हिशेब!

कौशल्य हे खेळाडूचे भांडवल मानले, तर संघटना त्याची विश्वस्त ठरते. म्हणून बक्षिसाची रक्कम स्पर्धेआधीच वेगळ्या खात्यात ठेवावी आणि जमाखर्च खेळाडूंना दाखवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळ पैशासाठी नसतो, असे कोणी म्हणेल. मान्य, पण सरावही उपाशीपोटी होत नाही.

मित्रहो, उद्या आपल्यापैकीच कोणी अशा संस्थांचे हिशेब तपासणार आहे. सही करण्यापूर्वी त्याने सुझुकीची आठवण ठेवावी.