नाव तुमचे, सातबारा तुमचा. दाखला कोणाच्या खिशात?

सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या कास्तकार बंधूंनो, एक साधा प्रश्न. तुमच्या कापसाचा सेंद्रिय दाखला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिला आहे का? फॉर्मवर सही केली, सातबाऱ्याची झेरॉक्स दिली, आधार कार्ड दिले, इथवर सगळ्यांना आठवते. पुढचे विचारले की उत्तर येते, "कंपनीच्या साहेबांकडे असंल."

तिकडे जर्मनीत एखादी बाई दुकानात सदरा उचलते, सेंद्रिय कापसाची चिठ्ठी पाहते आणि दोन पैसे जास्त मोजते. ती चिठ्ठी खरी की खोटी, हे तपासायची जबाबदारी कपडा विकणाऱ्या कंपनीवर. म्हणून ती आपल्या परदेशी पुरवठादाराकडे दाखले मागते. हा परदेशी पुरवठादार कोण? तिरुपूरचा कारखानदार. त्याच्यामागे सूतगिरणी, तिच्यामागे जिनिंग, आणि जिनिंगच्या मागे वावरात उभे तुम्ही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

हे आज सांगायचे कारण २०२० सालात घडले. सेंद्रिय कपड्यासाठी जगभर 'गॉट्स' नावाचे मानक चालते. पूर्ण नाव ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्या खेपेपुरते एक व्यवहार प्रमाणपत्र लागते. इतका कापूस, अमक्याकडून तमक्याला, असा त्याचा मजकूर. त्या वर्षी ऑक्टोबरात गॉट्सनेच जाहीर केले की भारतातून सुमारे वीस हजार टन कापूस बनावट प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून पुढे सरकला. अकरा कंपन्यांवर बंदी घातली गेली. वीस हजार टन म्हणजे देशाच्या सेंद्रिय कापसाचा साधारण सहावा हिस्सा!

यातली लबाडी मात्र नीट समजून घ्या. प्रमाणपत्रावर चौकोनी क्यूआर कोड होता. तो मोबाईलने टिपला की सरकारी संकेतस्थळ उघडे आणि 'प्रमाणपत्र खरे आहे' असे दिसे. फक्त ते संकेतस्थळच नकली होते! आपल्या अपेडाच्या 'ट्रेसनेट'ची हुबेहूब नक्कल करून ठेवली होती. तपासणाऱ्याने तपासले, पण चोराने दाखवलेल्या खिडकीतून तपासले. उत्पन्नाच्या दाखल्याचा संशय आला तर आपण तहसील कचेरीत जातो, दाखला आणणाऱ्याच्या मेहुण्याला विचारत नाही. परदेशी खरेदीदारालाही आता हाच रस्ता धरावा लागतो. कागदावर छापलेला दुवा बाजूला ठेवायचा, गॉट्सच्या स्वतःच्या खुल्या यादीत पुरवठादाराचे नाव शोधायचे, दाखल्याची मुदत पाहायची आणि प्रमाणीकरण संस्थेला थेट विचारायचे. चिठ्ठीवर प्रमाणीकरण संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतोच. नसेल तर पुढे बोलायचे कारण नाही.

बरे, कागद अस्सल असला म्हणजे भागले काय? तेही नाही. पाकिस्तानात कराचीच्या बल्दिया भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज, बाहेर पडायचे दरवाजे बंद. आणि अवघ्या काही आठवड्यांपूर्वी याच कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेचा समावेश असलेला एसए ८००० हा आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला होता. तो नकली नव्हता, रीतसर दिलेला होता. पण दरवाजा उघडून पाहिला कोणी? कागदी घोडे नाचवण्यात आपलीच खाती पटाईत असे आपण समजतो. तो मान काही एकट्या आपला नाही.

आता आपल्या गावात या. लहान शेतकऱ्याला एकट्याने प्रमाणीकरण परवडत नाही, म्हणून पंचवीस ते पाचशे जणांचा समूह करून एकच दाखला देण्याची सोय केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात आहे. सोय चांगली आहे. समूहाची स्वतःची अंतर्गत तपासणी असते, प्रत्येकाची शेती डायरी असते, आणि बाहेरच्या संस्थेचा निरीक्षक निवडक वावरे पाहून जातो. नेमके इथेच भोक पडते. बहुतेक वेळा हा समूह चालवते कापूस घेणारी कंपनी, कागद तिच्याकडे, डायरीही तिचाच माणूस भरतो. मध्य प्रदेशात तर आपले नाव सेंद्रिय यादीत आहे हे शेतकऱ्यालाच ठाऊक नव्हते, अशा तक्रारी झाल्या.

हिशोब करून पाहा. धरा, तुम्हाला एकरी चार क्विंटल कापूस झाला. यादीत तुमच्या नावावर आठ लिहिला. वरच्या चार क्विंटलमध्ये बाजारातला साधा बीटी कापूस घुसला आणि तुमच्या गट क्रमांकावर सेंद्रिय होऊन गेला. तुम्हाला छदाम मिळाला नाही, पण उद्या चौकशी झाली तर नाव तुमचे निघणार. ज्याने खरोखर निंबोळी अर्क आणि शेणखतावर पीक काढले, बीटी नसलेल्या बियाण्यासाठी चार दुकाने पालथी घातली, बदलाची दोन-दोन वर्षे कमी उताऱ्यात आणि साध्या भावात काढली, त्याचाही माल त्याच संशयाने पाहिला जातो. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अपेडाच्या प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली. जुलै २०२२ नंतर तिकडे सेंद्रिय शेतमाल पाठवायचा तर अमेरिकेच्या मान्यतेच्या संस्थेकडूनच दाखला घेणे आले. त्याचा खर्च शेवटी कोणाच्या भावातून कापला जाणार, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मुकाट्याने सही करणे आता सोडा. समूहाच्या दाखल्याची प्रत मागा. ती न देणाऱ्याला तुमची झेरॉक्स मागायचा अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रमाणीकरण संस्था कोणती ते विचारा. मान्यताप्राप्त संस्थांची यादी अपेडाच्या संकेतस्थळावर आहे. यादीत तुमचा गट क्रमांक, क्षेत्र आणि अंदाजे उत्पादन काय लिहिले ते पाहा, आणि काट्यावरच्या पावतीशी ताडून बघा. पावतीवर 'सेंद्रिय' लिहून देत नसतील तर कापूस नक्की कोणत्या नावाने चालला? शेजाऱ्याचे बीटी बांधाला लागून असेल तर ते लपवू नका. मधला पट्टा सोडला नसेल तर रुईच्या तपासणीत ते उघडे पडते.

तलाठी भाऊसाहेबांनाही (कचेरीवरची पाटी आता ग्राम महसूल अधिकारी झाली, काम तेच) एक विनंती. पीकपेऱ्यात कापसाचे क्षेत्र दोन एकर आणि सेंद्रिय यादीत पाच, असे दिसले तर ते तुमच्या टेबलावरच कळू शकते. ग्रामसेवकांनी ग्रामसभेत समूहाची यादी एकदा मोठ्याने वाचायला लावावी. चावडीत यादी वाचली की कोणाचे नाव फुकट घुसले आणि कोण गावातच राहत नाही, हे दहा मिनिटांत निघते. जर्मनीहून विमानाने येणाऱ्या निरीक्षकाला ते वर्षात कळणार नाही.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम केला आहे. रीतसर प्रमाणन योजनेचा किंवा सरकारचा आधार नसलेली पर्यावरणाची चिठ्ठी मालावर लावायला त्यात मनाई आहे. अंमलाची तारीख २७ सप्टेंबर २०२६ ठरली. म्हणजे तिकडून विचारणा वाढणार, जिनिंगवाला समूहाला विचारणार, समूहाचा माणूस पुन्हा झेरॉक्स मागायला तुमच्या ओट्यावर येणार. त्याला चहा जरूर पाजा. आणि सही करण्याआधी गेल्या वर्षीची यादी त्याच्याकडून मागून घ्या.